पडलेल्याच्या घरचं जेवण

अक्काताई चौगुले वर्कशॉपच्या दारात येऊन उभी राहिली तेव्हा मी तिला ओळखलंच नाही. तोंडाला फडकं बांधलेलं, भुवयांवर आणि पापण्यांवर कापसाचं तूस बसलेलं. मला वाटलं, मिक्सिंगमधली कुणी बदली बाई पाना मागायला आली असेल. लेथवरची नजर न काढताच मी विचारलं, काय पाहिजे.

"न्याय पाहिजे, मिस्त्री," ती म्हणाली आणि तिनं फडकं सोडलं.

मी लेथ बंद केला. आवाजावरून ओळख पटली. ही बाई आमच्या सूतगिरणीच्या वाइंडिंग खात्यातली सगळ्यांत तरबेज कामगार. रिंगफ्रेमवर तयार झालेलं सूत पुठ्ठ्याच्या कोनावर गुंडाळायचं ते खातं. सगळ्या बायकाच तिथं. तुटलेला धागा जोडताना अक्काताईची बोटं दिसत नसत, नुसता धागा पुढं पळताना दिसे. आणि आता तिला मिक्सिंगमध्ये बसवलं होतं. तिथं कापसाच्या गाठी फोडून जमिनीवर पसरतात आणि बायका उकिडव्या बसून त्यातले केस, चिंध्या, सुतळीचे तुकडे, कोंबडीची पिसं वेचून काढतात. काल गेटवर आलेल्या नव्या बाईलाही ते काम येतं. तिथला फुफाटा असा की पाच मिनिटं उभं राहिलं तरी छाती धरते.

"निवडणुकीला उभारले, पडले. त्याचं काय न्हाई," ती म्हणाली. "पण पडलं म्हणून कचऱ्यात बसवायचं? तुम्ही निवडणूक अधिकारी. माझी तक्रार घ्या."

तर मी निवडणूक अधिकारी कसा झालो ते सांगायला हवं. आमच्या युनियनमध्ये दोन पॅनेलं होती आणि मी दोन्हींना चालत होतो. खरं म्हणजे दोघांनाही मी नको होतो, पण दुसऱ्याच्या माणसापेक्षा मी परवडलो. मगदूम मिस्त्री कुणाच्या अध्यात ना मध्यात, असं सगळे म्हणायचे, आणि ते कौतुक आहे की टोमणा हे मला कधी उमगलं नाही. तीन पाळ्यांचं मतदान मी नीट पार पाडलं, भूपाल खोत जनरल सेक्रेटरी म्हणून निवडून आला, अक्काताई पडली. मला वाटलं, सुटलो.

पण युनियनच्या घटनेत एक कलम होतं. निवडणुकीच्या कारणानं कुणा उमेदवाराला त्रास झाला, तर चौकशी निवडणूक अधिकाऱ्यानं करायची आणि त्याचा निकाल शेवटचा. त्रास सिद्ध झाला तर उमेदवाराला पूर्वीच्या जागेवर बसवायचं आणि त्रास देणाऱ्यानं पद सोडायचं. हे कलम तोवर कुणी वापरलं नव्हतं. कारण त्याहून जुना आणि त्याहून भारी असा एक रिवाज आमच्याकडे होता.

फार मागं एका निवडणुकीनंतर गेटवर डोकी फुटली होती. तेव्हा जुन्या मंडळींनी ठरवलं की निकालानंतरच्या पहिल्या सुट्टीला जिंकलेल्यानं पडलेल्याच्या घरी जेवायला जायचं. पडलेल्यानं वाढायचं, जिंकलेल्यानं खायचं. आणि जेवण झालं की ताटावरून उठण्याआधी त्यानं विचारायचं, "तुमचं एक मागणं सांगा." पडलेला जे मागेल ते त्यानं पुरं करायचं. एकानं सायकल स्टँडला पत्रे मागितले होते, एकानं कँटीनचा आचारी बदलून घेतला. ताटावर दिलेला शब्द मोडला असं आमच्या गिरणीत कधी झालं नव्हतं.

अक्काताईच्या घरच्या जेवणाला मीही होतो. भूपालअण्णा धर्मानं जैन, म्हणून तिनं मुद्दाम कांदा-लसूण न घालता आमटी केली होती आणि सूर्य मावळायच्या आत पानं वाढली होती. वाइंडिंगच्या बायका सकाळपासून येऊन राबत होत्या. जेवण झाल्यावर अण्णानं रीतीप्रमाणे विचारलं, तेव्हा ती पदरानं हात पुसत हसली आणि म्हणाली, "मला काय नको. तुमच्याविरुद्ध उभारलीया, माझी नोकरी तेवढी राखा म्हंजे झालं." सगळे हसले. अण्णाही हसला, पण जरा उशिरा हसला. मला वाटलं, जेवण अंगावर आलं असेल.

आणि आता ही अशी दारात उभी. शब्द देऊन महिना व्हायच्या आत तिला वाइंडिंगमधून उचलून मिक्सिंगमध्ये टाकलं होतं. यात चौकशी कसली करायची? आंधळ्यालाही दिसेल असं होतं. मी तिला म्हटलं, काळजी करू नका, चार दिवसांत तुम्हाला तुमच्या जागेवर बसवतो. एवढं सोपं असतं तर मी आज ही गोष्ट सांगत बसलो नसतो.

आधी मी लेबर ऑफिसर देशमाने साहेबांकडे गेलो. साहेबांनी मला चहा पाजला, पंख्याबद्दल तक्रार केली आणि मग म्हणाले, बदली तुमच्याच युनियननं सांगून केली, आणि तुम्हीच चौकशीला येता, ही काय गंमत आहे? कोणी सांगितलं म्हणून विचारलं, तर भूपाल खोतनं, स्वतः येऊन, तोंडी. मी म्हटलं, झालं, पुरावाही मिळाला.

तिथून निघालो तो भूपालच्या पॅनेलमधली दोघं-तिघं कँटीनच्या बाहेर भेटली. त्यांना मी विचारण्याआधीच ती सांगायला लागली. कशी जिरवली, म्हणे. बाईनं पुरुषांविरुद्ध उभं राहायचं म्हणजे असंच होणार. मी त्यांना विचारलं, तुम्हाला हे अण्णानं सांगितलं का? तर ती एकमेकांकडे बघायला लागली. अण्णानं त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. ती आपली न केलेल्या कामाची शेखी मिरवत होती.

त्याहून गंमत अक्काताईच्या पॅनेलची. त्यांच्या म्होरक्यानं मला संडासाच्या मागं नेलं आणि कानात सांगितलं, मिस्त्री, एवढी घाई करू नका. बाई मिक्सिंगमध्ये आणखी थोडे दिवस खोकू दे. लोकांना दिसू दे. म्हणजे निकाल लागला की भूपाल असा आपटेल की पुन्हा उठणार नाही. ज्यांनी तिच्यावर सूड उगवला म्हणावं त्यांना पत्ता नाही, आणि जे तिच्या बाजूचे त्यांना ती तिथंच हवी. माझ्या डोक्याचा पार गुंता झाला.

शेवटी मी भूपालअण्णाला गाठलं. तो रिंगफ्रेमच्या जिन्यावर एकटा बसला होता. मला वाटलं होतं, तो नाकबूल होईल, आवाज चढवेल. त्याची तयारी करूनच मी गेलो होतो. पण तो म्हणाला, "सांगितलं मीच."

का सांगितलं, मी विचारलं. ते विचारू नका म्हणाला. मग मी निकालात लिहू काय? तर म्हणाला, तुम्हाला दिसतंय ते लिहा. मी त्याला जेवणाची आठवण करून दिली. ताटावर शब्द दिला होतात, आणि मिक्सिंगमध्ये त्या बाईला खोकला लागलाय, रात्र रात्र बसून काढते, हेही सांगितलं. त्यानं मान खाली घातली. त्याचे डोळे भरून आले होते. गुन्हा कबूल करणारा माणूस मी पाहिला होता, नाकारणाराही पाहिला होता. पण कबूल करून वर असा दुखावल्यासारखा बसणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो. मला त्याचा राग यायला हवा होता आणि तो येईना.

सुनावणी मी पहिली पाळी सुटल्यावर ठेवली. गेटबाहेर पत्र्याची एक खोली, तेच आमचं युनियन ऑफिस. आत दोन्ही पॅनेलांचे लोक बाकांवर दाटीवाटीनं बसले. बाहेर नांदुरकीच्या झाडाखाली वाइंडिंगच्या बायका डबे घेऊन जमल्या होत्या. कुणीतरी गुलालाची पुडीही आणली होती. अक्काताई आली ती कामावरून थेट आली, तूससुद्धा न झटकता. मला वाटलं, लोकांना दिसावं म्हणून मुद्दाम ठेवलंय. मग ती खोकली, आणि मला माझ्या मनाची लाज वाटली.

तिनं सगळं सरळ सांगितलं. मी अण्णाला विचारलं, बदली तुम्ही सांगितली का? हो. अक्काताईनं मागितली होती का? नाही. तिच्या कामात काही खोट होती का? नाही. मग का सांगितली?

बाकांवर कुजबुज सुरू झाली. एकजण ओरडला की आता आणखी काय ऐकायचं, लिहा निकाल. मी पेन उचललं. तेव्हा अण्णा म्हणाला, "बाकीच्यांना जरा बाहेर जाऊ द्या. अक्काताई राहू द्या. तुम्ही राहा."

लोक कुरकुरत बाहेर गेले. मी दार लोटलं. तो खिडकीकडे तोंड करून बोलायला लागला, आणि मला पहिल्यांदा त्यातलं निम्मंच कळलं. वाइंडिंगची जुनी यंत्रं निघणार होती. त्यांच्या जागी आपोआप चालणारी यंत्रं येणार होती. गाठसुद्धा तीच मारणार. दोन-तीन माणसं सगळं खातं सांभाळतील. बाकीच्या बायका घरी. मागच्या महिन्यात काही परकी माणसं वाइंडिंगमध्ये टेप लावून मोजत होती, ते माझ्या डोळ्यांसमोर आलं. फरशी बदलायची आहे, असं आम्हाला सांगितलं होतं.

अण्णाला हे निवडून आल्यावर गिरणीच्या मोठ्या साहेबांनी सांगितलं होतं, आणि वर दम दिला होता की करार होईपर्यंत बाहेर फुटलं तर गेटलाच कुलूप लावू. बायकांना जास्तीत जास्त पदरात पडावं म्हणून तो आतल्या आत झगडत होता. आणि त्या सगळ्या गोंधळात अक्काताईच्या घरचं जेवण आलं.

"तुम्ही नोकरी राखा म्हणालासा," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "शब्द ताटावर दिलेला. मिक्सिंगला यंत्र येणार न्हाई. तिथं माणूस लागतंयच. म्हणून तिथं टाकायला लावलं. दुसरा इलाज नव्हता आणि सांगायची सोय नव्हती."

मी पेन खाली ठेवलं. मला हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू. सूड नव्हताच. उलट माणसानं स्वतःचं पद पणाला लावून दिलेला शब्द पाळला होता. मी अक्काताईकडे पाहिलं. आता ती रडेल, हात जोडेल, असं काहीतरी माझ्या मनात होतं.

तिनं आधी खिडकीतून बाहेरच्या बायकांकडे पाहिलं. मग तिनं विचारलं, "अण्णा, त्या दिवशी भाकऱ्या कुणी भाजल्या?"

त्याला प्रश्न कळला नाही. मलाही नाही.

"माझ्या एका चुलीवर एवढ्या माणसांचं जेवण हुतंय व्हय? त्या बाहेर बसल्यात त्यांनी भाजल्या. घरनं पीठ आणून भाजल्या. तुम्ही त्यांच्या हातचं खाल्लंसा. आणि राखली माझी एकटीची नोकरी."

"मागितलं तुम्ही," अण्णा म्हणाला. त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"मी हसत मागितलं. तुम्ही ठाऊक असून दिलंसा." ती उठून उभी राहिली. "उद्या खातं बंद झालं की ह्या बायका काय म्हणतील? अक्काताईला आधीच ठाऊक हुतं. म्हणून ती आधीच उठून मिक्सिंगमध्ये जाऊन बसली. आमची मतं घेतली, आणि पडल्यावर सेक्रेटरीशी सूत जमवून स्वतःचं तेवढं बघितलं. मी गावात तोंड कसं दाखवू? कचरा वेचायला लावलासा, त्याचं मला काय न्हाई. हे त्याच्यापेक्षा वाईट केलंसा."

तिला खोकल्याची उबळ आली. अण्णानं तांब्या पुढं केला. तिनं तो घेतला, पाणी प्याली, आणि तांब्या खाली ठेवून माझ्याकडे वळली. "लिहा मिस्त्री. सूड घेतला म्हणून लिहा. मला माझ्या जागेवर परत पाठवा."

"अहो, पण ती जागाच राहणार नाही," मी म्हणालो. "कळतंय का तुम्हाला? मिक्सिंगमध्ये राहिलात तर नोकरी राहते. मी चार अक्षरं लिहिली की जाते. आणि सूड तर त्यांनी घेतलेलाच नाही."

"न्हाई घेतला? विचारा त्यांना."

मी भूपालअण्णाकडे पाहिलं. खरं तर विचारायचं काही उरलं नव्हतं. पण तिनं म्हटलं म्हणून विचारलं. अण्णा, खरं सांगा, तुमच्या मनात नक्की काय होतं? खातं बंद पडताना भांडायला उठणारी एकच बाई तिथं होती, हे तुम्हाला ठाऊक होतं. ती आधीच बाजूला झाली तर बरं, असं एकदाही मनात आलं नाही?

तो लगेच नाही म्हणाला नाही. कपाळाला हात लावून बसून राहिला. बाहेर बायकांचं बोलणं ऐकू येत होतं, कुणीतरी कशाला तरी हसत होतं.

"मिस्त्री," तो म्हणाला, "शब्द पाळायचा हुता, हे खरं हाय. पण तुम्ही म्हणताय तेबी आलं असंल. आता मलाच कळंना."

त्याला कळेना म्हटल्यावर मला काय कळणार? मी त्या कोऱ्या कागदाकडे बघत बसलो. सूड म्हणावा तर माणसानं भलं करायला बघितलं होतं. भलं म्हणावं तर ती बाई समोर खोकत उभी होती आणि तिच्या तोंडावरचा रंग उडाला होता. दोघंही खरं बोलत होती आणि दोघांचंही मला पटत होतं. आयुष्यात मी इतकी यंत्रं उघडून बसलो, कुठं बिघाड आहे ते कधी ना कधी सापडायचंच. इथं काही सापडेना.

शेवटी मी घटनेतलं कलम पुन्हा वाचलं. त्यात सूड हा शब्दच नव्हता. निवडणुकीच्या कारणानं उमेदवाराला त्रास झाला का, एवढंच विचारलं होतं. मनात काय होतं ते विचारलंच नव्हतं. अक्काताई निवडणुकीला उभी राहिली नसती तर ते जेवण झालं नसतं. जेवण नसतं तर शब्द नसता, आणि शब्द नसता तर बदली नसती. मी हळूहळू, एकेक अक्षर काढत लिहिलं. त्रास सिद्ध. उमेदवाराला पूर्वीच्या जागेवर बसवावं. जनरल सेक्रेटरींनी पद सोडावं.

हे बरोबर होतं का? वीस-बावीस वर्षं झाली, मी अजूनही रात्री मधूनच ताडकन उठून बसतो आणि मनाशी वाद घालतो. कधी मी जिंकतो, कधी हरतो.

मी कागद वाचून दाखवला. भूपालअण्णानं माझ्याकडून पेन मागून घेतलं आणि खाली सही केली. कंबरेची ऑफिसची किल्ली काढून टेबलावर ठेवली. "आता मी सेक्रेटरी न्हाई," तो अक्काताईला म्हणाला. "मला दम दिलेला तो सेक्रेटरीला दिलेला. तुम्हाला कुणी दम दिलेला न्हाई."

तिनं त्याच्याकडे क्षणभर पाहिलं. मग दार उघडून ती बाहेर गेली, आणि मी तिच्या मागोमाग उंबऱ्यापर्यंत गेलो.

तिच्या चेहऱ्यावरून की माझ्या हातातल्या कागदावरून, पण बायकांना निकाल कळला. त्या गलका करत उठल्या. एकीनं गुलालाची पुडी फोडली, दोघी-तिघी तिला मिठी मारायला धावल्या. अक्काताईनं गुलालाचा हात मनगटाला धरून थांबवला आणि म्हणाली, "बसा सगळ्या. आधी ऐका."

त्या बसल्या. तिनं यंत्रांचं सांगितलं, सरळ, आवाज न चढवता, एखाद्या घरात वाईट बातमी सांगतात तसं. पॅनेलचे लोक लांब उभे होते तेही जवळ आले. सांगून झालं तरी कुणी रडलं नाही की ओरडलं नाही. गिरणीचा आवाज तेवढा येत होता, आत दुसरी पाळी चालू होती.

मग सोनाबाई नावाची एक म्हातारी, अक्काताईच्या शेजारच्या यंत्रावर जन्म काढलेली, तिनं खालूनच विचारलं, "तुला कवा कळलं?"

मी अक्काताईकडे पाहिलं. इतका वेळ ताठ उभी राहिलेली ती बाई एकदम लहान दिसायला लागली. "आत्ता," ती म्हणाली. तिनं मागं वळून माझ्याकडे पाहिलं.

"आत्ताच," मी म्हणालो. "माझ्यासमोर."

सोनाबाईनं माझ्याकडे निरखून पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. तिच्या अंगावरचं तूस, लाल झालेले डोळे, सगळं पाहिलं. आणि ती थोडी सरकली. तिच्या शेजारची सरकली. अक्काताई त्यांच्यामध्ये जमिनीवर बसली आणि तेव्हा कुठं तिला रडू फुटलं.

भूपालअण्णा माझ्या मागून बाहेर आला आणि बायकांच्या कडेला जाऊन उभा राहिला. त्याच्यासाठी कुणी सरकलं नाही. तो उभाच राहिला, पण गेला नाही.